आंगणातले किरकिरे आणि बाबांचं तेलुगू

आमचं घर मावला गावाच्या बाजूला होतं, आदिलाबाद संपून शेतं सुरू व्हायची तिथे. बाबांनी जागा घेतली तेव्हा तिच्यावर दोन मोठे निंब उभे होते. मिस्त्री म्हणाला, झाडं तोडा. आई म्हणाली, घर सरकवा. घर सरकलं. त्यामुळे पुढे मोठं आंगण निघालं आणि ते आईचं झालं. तिच्या लहानपणी तिच्या घरच्या बायका दुसऱ्यांची आंगणं सारवायला जात. स्वतःचं म्हणावं असं आंगण तिला या घरात पहिल्यांदा मिळालं. सारवण ओलं असताना त्यावरून कोणी चप्पल घालून गेलं, तर मग तो पाहुणा असो की सावकार, तिचा आवाज चढायचा.

बाबा जैनथकडच्या एका गावात मराठी शाळेवर मास्तर होते. आंध्र प्रदेशात आमच्या भागात मराठी शाळा होत्या, पोरं मराठीत शिकत, पण वरचं सगळं तेलुगूत चालायचं. मीटिंगा, हुकूम, साहेबांचे दौरे, सगळं. बाबा तेलुगू झरझर वाचत. त्यांचं अक्षर तर असं होतं की तेलुगू वर्गाचे मास्तर फळ्यावरचा सुविचार त्यांच्याकडून लिहून घेत. पण समोरचा माणूस तेलुगूत बोलू लागला की बाबांची गाडी अडायची. ते नुसते मान हलवत, हसत, आणि शेवटी काहीतरी अंदाजानं बोलून जात.

मी सातवीनंतर तेलुगू शाळेत गेले होते, म्हणून घरातली दुभाषी मीच. बाजारात, बँकेत, दवाखान्यात बाबा मला पुढे करायचे. संध्याकाळी मी त्यांना शिकवायचे सुद्धा. मी एक वाक्य बोलायचं, त्यांनी अर्थ सांगायचा. ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत आणि बहुतेक वेळा बरोबर सांगत. मी वहीत बघत बोलले की मात्र चुकत. "तू पटपट बोलतं," ते म्हणायचे. मला तेव्हा त्यात काही वेगळं वाटलं नाही.

मी दहावीची परीक्षा दिली त्या वर्षी बाबांना बढतीचा हुकूम आला. बाजारहत्नूरकडच्या शाळेत हेडमास्तर. शाळा तेलुगू माध्यमाची. जूनमध्ये रुजू व्हायचं होतं. आईनं शेजारीपाजारी साखर वाटली. बाबांनी मात्र मनात ठरवून टाकलं होतं की नाही म्हणायचं. कारण होतं त्याआधीची एक मीटिंग.

त्या मीटिंगमध्ये साहेबांनी त्यांना विचारलं होतं, "सुन्नम एसिंड्रा?" म्हणजे शाळेला चुना लावला का. बाबांना ऐकू आलं "अन्नम", म्हणजे भात. साहेब जेवणाचं विचारतायत असं समजून ते अदबीनं उभे राहिले आणि म्हणाले, "तिन्नाम सार." खाल्ला साहेब. सगळी मीटिंग हसली. चुना खाणारे मास्तर म्हणून ती गोष्ट तालुकाभर फिरली. घरी बाबांनीच ती आम्हाला हसत हसत सांगितली. मग जेवताना म्हणाले, "आपलं डोकं या भाषेत चालत नाई. शाळा चालवाची म्हनजे पोरांचे मायबाप येईन, सरपंच येईन. कोनाकोनाले म्हनू, मले समजलं नाई?"

"शिकून घ्या मंग," आई म्हणाली.

"वीस वर्स झाले शिकूनच तं राह्यलो."

आईला ते पटलं नव्हतं हे तिच्या भाकरी थापण्यावरून कळत होतं.

एप्रिलातली जयंती होऊन गेली, उन्हाळा तापायला लागला. मध्येच एका दुपारी वळवाची सर येऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सडा टाकताना आईनं मला हाक मारली. निंबाखाली तिच्या सारवलेल्या आंगणाला भोकं पडली होती. करंगळी जाईल एवढी, गोल, जणू कोणी मुद्दाम काठीनं टोचून ठेवलीत.

"कायनं काऊन पोखरून राह्यलं बाप्पा माह्यं आंगन?" ती म्हणाली.

विंचू असतील म्हणून तिनं शेण-मातीचा गोळा करून एकेक भोक बुजवलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. तिनं पुन्हा बुजवलं. तिसऱ्या दिवशी तर झाडाच्या बुडाशी जमिनीची चाळणी झालेली. आई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. शेजारी राहणारे रिटायर पोस्टमास्तर कुंपणावरून डोकावले. ते तेलुगू, आमच्याशी हिंदी-तेलुगू मिसळून बोलत. भोकं बघून ते म्हणाले, "डरो मत अम्मा, बिच्छू नहीं हैं. शाम को देखो." दरवर्षी थोडे निघतात, काही वर्षांनी एकदम उसळतात, असंही म्हणाले.

दिवे लावायच्या वेळेला आम्ही तिघं आंगणात बसलो. आधी एका भोकातून मातीच्या रंगाचा एक किडा वर आला. पुढचे पाय खेकड्यासारखे. थोडा थांबला, मग निंबाकडे चालू लागला. त्याच्या मागे दुसरा, मग इकडे, मग तिकडे. बघता बघता आंगण चालायला लागलं. ते झाडावर चढले, भिंतीवर चढले, तुळईवर, दोरीवर वाळत घातलेल्या बाबांच्या पँटीवर सुद्धा. आई पाय वर घेऊन बाजेवर बसली. मला भीतीपेक्षा मजाच वाटत होती. बाबांनी कंदील आणून झाडाजवळ धरला.

एका किड्याची पाठ उकलली. आतून फिकट हिरवा, जवळपास पांढरा जीव हळूहळू बाहेर आला, मागे कलंडला, आता पडतो असं वाटलं, आणि पुन्हा उठून आपल्याच सालीला धरून बसला. पंख आधी चुरगळलेल्या कागदासारखे होते, ते आमच्या डोळ्यांसमोर सरळ झाले. बाबा अगदी हळू म्हणाले, "पाह्य व, कसा निघून राह्यला." आई सुद्धा बाजेवरून उतरून जवळ आली. आमच्या घरात अशी तिघांनी मिळून एखादी गोष्ट बघत उभं राहण्याची वेळ फारशी यायची नाही.

आमच्या घरी त्याला किरकिरा म्हणत. रातकिडा वेगळा. हा दिवसा झाडावर बसतो आणि ऊन चढलं की ओरडतो. सकाळी झाडभर, भिंतभर रिकाम्या साली लटकलेल्या असायच्या. पाठीला चीर, आत कोणी नाही. आई त्या झाडून टोपलीत भरायची आणि म्हणायची, "कपडे काढून फेकून गेले मेले." भोकं बुजवायचं तिनं सोडून दिलं होतं.

चार-पाच दिवसांनी ते ओरडायला लागले. आधी एखादा, चाचपडत. मग दोन्ही निंब एकदम. ज्यानं ऐकलं नाही त्याला तो आवाज सांगता येत नाही. जणू हजार चाकूवाल्यांनी एकदम धार लावायला घेतली आहे. सकाळी दहाच्या पुढे सुरू व्हायचं ते ऊन उतरेपर्यंत. आई स्वयंपाकघरातून काय म्हणाली ते ओसरीत कळायचं नाही. पोस्टमास्तरांना रेडिओवरच्या बातम्या ऐकू येईनात, ते वैतागले. गल्लीतली माणसं येता-जाता आमच्या झाडांकडे बघून कपाळाला हात लावायची.

आणि बाबा निंबाखाली बाज टाकून शांतपणे पेपर तपासत बसलेले असायचे.

एका दुपारी आई त्यांच्यासाठी ताक घेऊन गेली. मी मागे होते. आईनं त्यांच्या समोर वाकून, मोठ्यानं विचारलं, "आवो, इथं कसे बसता तुमी? मध्ये या ना. डोकं नाई का उठत?"

"काऊन? चांगली सावली हाय," बाबा म्हणाले.

"आवाजानं म्हनते मी."

"कोनता आवाज?"

आई हसली. मी पण हसले. बाबांना कोरड्या चेहऱ्यानं थट्टा करायची सवय होती. आईनं वर बोट दाखवलं. बाबांनी वर बघितलं, फांद्यांमध्ये, मग आमच्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"मजाक नका करू," आई म्हणाली.

"मी कायले मजाक करू? कोनता आवाज व?"

पोस्टमास्तर कुंपणापाशीच होते. त्यांनी हे सगळं बघितलं. त्यांनी बाबांकडे रोखून बघत, एकेक अक्षर मोकळं करत विचारलं, "सार, इनवडतलेदा?" ऐकू येत नाही का? बाबांना ते लगेच समजलं. त्यांनी पुन्हा फांद्यांकडे बघितलं.

मला काय सुचलं कोण जाणे, मी बुंध्यावर हाताला येईल असा एक किरकिरा पकडला. तो माझ्या मुठीत एवढ्या जोरात करकरला की आईनं कानावर हात ठेवले. मी तो बाबांच्या तळहातावर ठेवला आणि त्यांची बोटं मिटवली. बाबांनी मूठ कानाशी नेली. थोडा वेळ तशीच धरली. मग दुसऱ्या कानाशी.

"थरथरून राह्यला," ते म्हणाले. "हाताले लागते. आयकू नाई येत."

त्यांनी मूठ उघडली. किरकिरा उडून गेला. आई ताकाचा गिलास हातात धरून तशीच उभी होती. मग ती म्हणाली, "मागच्या उन्हाळ्यातबी हे थोडे ओरडत, आन तुमी मनत होते, या घरी बरी शांतता हाय. मले वाटे, तुमाले झाडं आवडते म्हनून मनता."

त्यानंतरचे काही दिवस बाबा फार कमी बोलले. त्यांना भीती कशाची होती हे मला उशिरा समजलं. बहिऱ्या मास्तरला कोण ठेवेल, ही ती भीती. त्यांनी आईला बजावलं, कोणाला सांगायचं नाही. पोस्टमास्तरांना तर माहीतच होतं, पण त्या भल्या माणसानं गल्लीत कुठे शब्द काढला नाही. उलट कुंपणाशी यायचे ते बाबांसमोर येऊन उभे राहायचे आणि मगच बोलायचे. बाबा दरख्वास्त लिहायला बसले, बढती नको म्हणून. लिहिली, फाडली, पुन्हा लिहिली.

आई एका संध्याकाळी त्यांच्यासमोर जाऊन बसली. "तुमी डोये दुखले तं चश्मा लावला," ती म्हणाली. "लावला का नाई? कानाले काय पाप लागलं? नागपूरले चला."

"आन डाक्टर म्हनला, काही होत नाई?"

"मंग परत या. नागपूर पाहून होईन."

बाबांना हसू आलं. बरेच दिवसांनी आलं होतं.

आम्ही तिघंही गेलो. पैनगंगेचा पूल ओलांडून पांढरकवड्याला गाडी थांबली तेव्हा आईनं बरोबर आणलेली भाकरी-चटणी सोडली. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते आणि मी त्यांच्याकडे बघत होते. सगळ्या गोष्टी मला आता वेगळ्या दिसत होत्या. ते माझ्या तोंडाकडे टक लावून का बघायचे. पाठमोऱ्या माणसाच्या हाकेला ओ का द्यायचे नाहीत. शाळेत शेवटच्या बाकावरच्या पोरांना पुढे का बसवायचे. आईला तर ते शिस्तीचं वाटायचं.

दवाखान्यात काचेची खिडकी असलेली एक छोटी खोली होती. बाबांना आत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, आवाज आला की बोट वर करा. मी आणि आई खिडकीबाहेर उभ्या. बाई बटण फिरवत, बाबांचं बोट वर जाई. फिरवत, वर जाई. मग एका जागेनंतर बाई फिरवत राहिल्या आणि बाबांचं बोट गुडघ्यावर तसंच राहिलं. ते परीक्षेला बसलेल्या हुशार मुलासारखे ताठ बसले होते, कान देऊन. बटण फिरत होतं हे त्यांना माहीतच नव्हतं. आईनं माझा हात घट्ट धरला.

बाईंनी कागदावर रेघ काढून दाखवली. रेघ डावीकडून बरी चालली होती, उजवीकडे गेल्यावर एकदम खाली उतरत होती.

"जाड आवाज तुम्हाला ठीक येतात," त्या म्हणाल्या. "बारीक आवाज गेलेत. स, त, क अशा अक्षरांमधले. कधी मोठ्या मशीनजवळ काम केलंय?"

"जिनिंगमध्ये," बाबा म्हणाले. "कापसाच्या. मास्तरकीच्या ट्रेनिंगले होतो तवा. रात्री जिनिंग, दिवसा कॉलेज."

बाईंनी मान हलवली. कान तेव्हापासूनच हळूहळू गेले असणार, त्या म्हणाल्या. गेलेलं परत यायचं नाही, पण मशीन लावून बोलणं पुष्कळ स्पष्ट होईल.

आईनं विचारलं, "मंग मराठी कसं समजते यायले? घरी तं बरोबर बोलते."

"मराठी लहानपणापासूनची ना. अर्धा शब्द आला तरी मन उरलेला भरून काढतं. समोरच्याचा चेहरा बघूनही कळतं. पण नंतर शिकलेल्या भाषेत तसा अंदाज येत नाही. जेवढं ऐकू येतं तेवढंच."

बाबांनी पुढे वाकून विचारलं, "म्हनजे मॅडम, मले तेलुगू येते?"

बाईंना प्रश्न कळला नाही. त्या आमच्याकडे बघायला लागल्या. आई हसत सुटली, तोंडाला पदर लावून हसली, आणि तोच पदर मग डोळ्यांना लावला. मीच बाईंना सांगितलं, बाबा वीस वर्षं तेलुगू शिकतायत आणि त्यांना वाटतं की आपलं डोकं चालत नाही.

"डोक्याला काही झालेलं नाही," बाई म्हणाल्या. "कानाचं आहे."

परतीच्या गाडीत मी रागात होते. त्या जिनिंगवाल्यांनी कानात घालायला निदान कापूस तरी द्यायचा, एवढा कापूस पडलेला असायचा, असं काहीतरी बोलले. बाबा म्हणाले, "ते जिनिंग नसतं तं मी मास्तरबी नसतो झालो. जाऊ दे." आणि आईच्या खांद्यावर मान टाकून झोपले. भर बसमध्ये असं त्यांनी कधी केलं नव्हतं. आई अवघडून बसली, पण हलली नाही.

आम्ही आलो तोवर किरकिरे संपत आले होते. आंगणात मेलेले पडायचे, मुंग्या त्यांना ओढून न्यायच्या. मशीन मिळून बाबांच्या कानाला लागेपर्यंत दोन्ही निंब शांत झाले होते. पुढच्या उन्हाळ्यात थोडे आले, तेव्हा बाबा मशीन लावून झाडाखाली उभे राहिले. आवाज त्यांना आला नाही. डॉक्टर बाईंनी तसं सांगितलंच होतं, एवढा बारीक आवाज त्या मशीनच्या हातात नाही म्हणून. बाबांनी त्याचं फार वाईट वाटून घेतलं नाही. म्हणाले, "पाह्यले ना आपन निघतांनी. बस झालं."

तेव्हाचं मशीन म्हणजे खिशात ठेवायची डबी आणि तिथून कानापर्यंत गेलेली वायर. पहिले काही दिवस बाबांना भांड्यांचा आवाज सहन होईना. चप्पल एवढी वाजते हे त्यांना नव्यानं कळलं. आई कपाट जोरात लावते हे पण. ते एकदा मला म्हणाले, "तुहा आवाज असा हाय होय? मी जाड समजत होतो." मी आठवीतला तेलुगू धडा काढला आणि त्यांच्या पाठीमागे उभं राहून वाचायला लागले. ते खिडकीकडे तोंड करून एकेका वाक्याचा मराठीत अर्थ सांगत गेले. दोन-तीन ठिकाणी अडले. बाकी सगळं बरोबर.

दरख्वास्त त्यांनी पाठवलीच नाही. त्याच वर्षी जूनमध्ये ते बाजारहत्नूरकडे रुजू झाले. मशीन लपवायला त्यांनी आईकडून सदऱ्याच्या आत खिसा शिवून घेतला होता. पण आतून कापड घासलं की कानात खरखर व्हायची, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी डबी काढून वरच्या खिशात उघडी ठेवली. स्टाफसमोर तेलुगूत म्हणाले, "मेल्लगा, ना मोहम चूसि माट्लाडंडि." हळू आणि माझ्या तोंडाकडे बघून बोला. पोरांना वाटलं सरांनी खिशात रेडिओ ठेवलाय. एका मुलीनं विचारलं, गाणी कधी लागतात. बाबांनी सगळ्या वर्गाला एकेक करून ती डबी कानाला लावून ऐकायला दिली. त्या दिवशी दुसरं काही शिकवणं झालं नाही.

शाळा सुरू होऊन पहिली मीटिंग झाली तिथे तेच साहेब होते. त्यांनी बाबांना काही विचारलं. बाबांनी उत्तर दिलं. साहेबांनी पुढच्या हेडमास्तराला विचारलं. एवढंच. कोणी हसलं नाही, कोणाच्या लक्षातही काही आलं नाही. बाबांनी मात्र संध्याकाळी घरी येऊन तो प्रश्न आणि ते उत्तर आईला आधी तेलुगूत आणि मग मराठीत सांगितलं. प्रश्न शाळेच्या छपराच्या कौलांबद्दलचा होता. आईनं ते दोन्ही वेळा पूर्ण ऐकून घेतलं.

त्या शाळेवर ते रिटायर होईपर्यंत राहिले. पोरांचे आईबाप आले, सरपंच आले, भांडणं झाली, मिटली. गावातली माणसं त्यांच्याशी बोलताना त्यांच्या समोर यायची, आणि पुढे पुढे एकमेकांशीही तशीच बोलायला लागली, असं बाबा म्हणायचे. खरं किती ते मी बघायला गेले नाही.

माझं लग्न होऊन मी हैदराबादला आले. आई-बाबा हिवाळ्यात महिना-पंधरा दिवस येऊन राहायचे. तोवर मशीनं लहान झाली होती, कानामागे बसतील एवढी. पण संध्याकाळ झाली की बाबा ती काढून टेबलावर ठेवत. दिवसभर लोकांचं ऐकलं, आता बस, म्हणत. मग आई त्यांच्याशी तिच्या त्या मोठ्या आवाजात बोलायची, जो तिला इतक्या वर्षांत इतका सवयीचा झाला होता की फोनवर सुद्धा ती तसंच बोले. एकदा खालच्या मजल्यावरच्या बाई काळजीनं वर आल्या. दारातच त्यांनी मला हळू विचारलं, सगळं ठीक आहे ना, भांडण झालं का.

मी काही बोलायच्या आत आई पुढे आली. "भांडन नाई व माय," ती म्हणाली, "यायले इचारून राह्यली, वरनात मीठ बरोबर हाय का. या, मध्ये या, तुमीबी पाहा." आणि त्या बाईंचा हात धरून तिनं त्यांना सरळ जेवायलाच बसवलं.